आकृतिबंधाकडून नियमाकडे : विद्यार्थी सामान्यीकरण कसे शिकतात

गणित म्हणजे पाढे, हिशेब आणि पाठ केलेली सूत्रे, असा समज आपल्याकडे पुष्कळ काळापासून रूढ आहे. पाढ्यांचे आणि हिशेबाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु गणिताचा गाभा याहून खोल आहे. चार उदाहरणांत जे दिसले ते सर्व उदाहरणांना लागू पडेल काय, आणि पडत असेल तर ते कोणत्या कारणाने, हे ठरविण्याची शक्ती म्हणजे गणिती बुद्धी होय. या शक्तीस शिक्षणशास्त्रात ‘सामान्यीकरण’ असे म्हणतात, आणि तिची पहिली ओळख मुलास ज्या पुनरावर्ती रचनांतून होते त्यांस आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘आकृतिबंध’ हे नाव दिले आहे.

हा विषय केवळ शिक्षकांचा नाही. प्राथमिक वर्गांत गणितात बरी असलेली कितीतरी मुले सहावी-सातवीत एकाएकी मागे पडताना दिसतात. तेथे संख्यांच्या जोडीला अक्षरे येतात. ‘क्ष म्हणजे काय?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या मुलास मिळत नाही, ते मूल त्या वळणावर गणिताचा हात सोडते. पुढे विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, लेखापालन अशी अनेक दारे त्याच्यासाठी अर्धवट बंद होतात. ‘आमच्या मुलाचे डोके गणिताचे नाही’ असा निर्णय पालक देऊन टाकतात. वस्तुतः डोके तेच असते. संख्येकडून अक्षराकडे जाणारा पूल मात्र कोणी बांधून दिलेला नसतो. आकृतिबंधाचे सामान्यीकरण हाच तो पूल होय.

राष्ट्रीय पातळीवरही या गोष्टीची दखल घेतली गेली आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचारप्रक्रियेचे ‘गणितीकरण’ हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले. त्यानंतर सहावीसाठी निघालेल्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात बीजगणिताचा आरंभ आगकाड्यांच्या आकृत्यांनी करण्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२४ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने सहावीसाठी जे ‘गणित प्रकाश’ हे पुस्तक काढले, त्याचे पहिलेच प्रकरण गणितातील आकृतिबंधांवर आहे. पुस्तके बदलली, आता प्रश्न उरतो तो वर्गात आणि घरात काय घडावे याचा.

अंगणातील गणित

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गोव्यात, बेळगावात किंवा बडोद्यात, जेथे जेथे मराठी घर आहे तेथे अंगणात वा तुळशीवृंदावनापुढे ठिपक्यांची रांगोळी निघते. पाच ठिपक्यांची एक ओळ मध्यभागी काढावी. तिच्या वर, दोन ठिपक्यांच्या मधोमध एक ठिपका येईल अशा रीतीने चार ठिपक्यांची ओळ. तिच्यावर तीन, दोन आणि शेवटी एक. मधल्या ओळीच्या खालच्या बाजूसही तसेच. रांगोळी काढणाऱ्या भगिनी यास ‘पाच ते एक’ असे म्हणतात. एकूण ठिपके किती झाले?

मोजून पाहिले तर १ + २ + ३ + ४ + ५ + ४ + ३ + २ + १ म्हणजे २५ होतात. ‘चार ते एक’ काढल्यास १६ होतात आणि ‘तीन ते एक’ काढल्यास ९. येथे चाणाक्ष विद्यार्थी लगेच म्हणेल, की मधल्या ओळीत जितके ठिपके असतील, त्या संख्येचा वर्ग येतो. त्याला आकृतिबंध सापडला. परंतु तो शंभर ठिपक्यांच्या ओळीसही लागू पडेल याची खात्री काय? शंभर ते एक अशी रांगोळी घालून ती मोजीत कोण बसणार?

या प्रश्नाचे उत्तर मोजण्यात नाही; ते पाहण्याच्या रीतीत आहे. रांगोळीच्या उजव्या वा डाव्या अंगास जाऊन ती तिरकस दिशेने पाहावी. मग ध्यानात येते, की ही आकृती म्हणजे कोनावर उभा केलेला चौकोनच आहे. तिरप्या ओळी पाच आणि प्रत्येक तिरप्या ओळीत ठिपके पाच, म्हणून ५ × ५. मधली ओळ शंभराची असेल तर तिरप्या ओळी शंभर आणि प्रत्येकीत ठिपके शंभर. आता मोजण्याची गरज उरली नाही. पहिल्या विद्यार्थ्याने संख्यांत नियम शोधला होता. रांगोळी तिरकस पाहणाऱ्याने रचनेत नियम पाहिला. पहिल्याचा तर्क बरोबर होता, दुसऱ्याजवळ त्याचे कारणही आहे. सामान्यीकरण शिकणे म्हणजे पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत येणे होय.

जवळचे, दूरचे आणि कोणतेही

शिक्षणक्षेत्रातील संशोधकांनी या प्रवासाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातील टप्पे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग घेऊ. आगकाड्यांनी एक चौकोन करावा. चार काड्या लागतात. त्याला चिकटून दुसरा चौकोन करावा. मधली काडी दोघांत सामाईक असल्याने आणखी तीनच लागतात, म्हणजे एकूण सात. तीन चौकोनांस दहा, चार चौकोनांस तेरा, पाच चौकोनांस सोळा.

सहा चौकोनांस किती, असे विचारल्यास बहुतेक मुले काड्या मांडून किंवा तीन मिळवून एकोणीस हे उत्तर देतात. हे ‘जवळचे’ सामान्यीकरण. येथे मागील पायरीवरून पुढील पायरी गाठता येते. शंभर चौकोनांस किती, हा प्रश्न ‘दूरचा’ आहे. मांडून वा एकेक पायरी चढून तो सुटणे जिकिरीचे असते, म्हणून विद्यार्थ्यास रचनेकडे पाहणे भाग पडते. ऑस्ट्रेलियातील संशोधक के स्टेसी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९ ते १३ वर्षे वयाच्या मुलांना असेच प्रश्न घातले होते आणि ‘जवळचे’ व ‘दूरचे’ हा भेद स्पष्ट केला होता. तिसरी पायरी म्हणजे ‘कोणतेही’. चौकोन कितीही असोत, काड्या कशा काढाव्या? येथे संख्या संपते आणि नियमाचा आरंभ होतो.

कॅनडातील संशोधक लुईस रॅडफर्ड यांनी २००३ मध्ये दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधले. मूल नियम अक्षरांत लिहिण्याच्या पुष्कळ आधी तो हावभावांनी व बोलीने व्यक्त करीत असते. प्रथम ते ठरावीक संख्यांवर तीच कृती पुन्हा पुन्हा करते. नंतर ‘वरच्या ओळीतले’, ‘पुढची आकृती’ अशा शब्दांनी बोलू लागते. अक्षर हे सर्वांत शेवटी येते. वर्गात बोटाने काड्या दाखवीत ‘ह्या वरच्या, ह्या खालच्या, आणि ह्या उभ्या’ असे पुटपुटणारे मूल बीजगणितच करीत असते. शिक्षकाने ते ऐकले पाहिजे.

विद्यार्थी कोठे अडखळतात

आकृतिबंधाच्या प्रश्नांत होणाऱ्या चुका बहुधा तीन प्रकारच्या असतात, आणि त्या चुकांमागेही काही विचार असतो.

पहिली चूक दुपटीची. पाच चौकोनांस सोळा काड्या, म्हणून दहा चौकोनांस बत्तीस, असे मुले झटकन सांगतात. खरे उत्तर एकतीस आहे. कारण पाच-पाचांच्या दोन माळा जोडताना एक काडी सामाईक होते. एका वहीस वीस रुपये तर दोन वह्यांस चाळीस, ही त्रैराशिकाची सवय येथे आडवी येते. स्टेसी यांच्या अभ्यासातही ही चूक ठळकपणे आढळली होती. शिक्षकाने ‘चूक’ असा शेरा मारण्याऐवजी दोन माळा प्रत्यक्ष जोडावयास लावाव्यात; एक काडी हातात उरते आणि मूल स्वतःच थांबते.

दुसरी चूक फरकाची. चार, सात, दहा, तेरा या रांगेत प्रत्येक वेळी तीन वाढतात हे मुलास दिसते आणि ते नियम म्हणून ‘क्ष + ३’ असे लिहिते. त्याच्या मनातील अर्थ ‘मागच्यात तीन मिळवा’ असा असतो; परंतु कागदावर त्याचा अर्थ ‘चौकोनांच्या संख्येत तीन मिळवा’ असा होतो. दहा चौकोनांस तेरा काड्या, असे उत्तर मग येते. हा दोष कोष्टकावर फाजील भर दिल्याने बळावतो. कोष्टक भरले, फरक काढला, सूत्र लिहिले, असा परिपाठ पडला की आकृती डोळ्यांआड होते.

तिसरी चूक मर्यादेची. कुंपणाच्या सरळ रेषेत दहा गाळे सोडावयाचे तर खांब अकरा लागतात, हे कोणताही शेतकरी सांगेल. गाळ्यांहून खांब एकाने अधिक, असा नियम मूल करते. परंतु विहिरीभोवती गोल कुंपण घालावयाचे असेल तर दहा गाळ्यांस खांब दहाच पुरतात, कारण पहिला आणि शेवटचा खांब एकच असतो. नियम खोटा नव्हता. तो सरळ कुंपणापुरता होता. नियम कोठपर्यंत लागू आहे हे सांगणे हाही नियमाचाच भाग आहे, हे येथे शिकविता येते.

एक आकृती, अनेक दृष्टी

आता शंभर चौकोनांच्या माळेकडे परत येऊ. वर्गातील मुलांनी आकृती निरनिराळ्या रीतींनी पाहिली तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. एक विद्यार्थी म्हणेल, ‘पहिल्या चौकोनास चार आणि उरलेल्या नव्याण्णवांस तीन-तीन.’ दुसरा म्हणेल, ‘सुरुवातीस एक उभी काडी ठेवली, मग प्रत्येक चौकोनास तीन.’ तिसरी विद्यार्थिनी सांगेल, ‘वरच्या शंभर, खालच्या शंभर आणि उभ्या एकशे एक.’ चौथा म्हणेल, ‘प्रत्येकास चार धरून चारशे, त्यातून दोनदा मोजलेल्या नव्याण्णव वजा.’ चौघांचेही उत्तर ३०१ येते.

येथे अक्षर आणण्याची योग्य वेळ येते. शंभराच्या जागी कोणतीही संख्या असू शकते, तिला आपण क्ष म्हणू. मग चौघांची वाक्ये अशी होतात : ४ + ३(क्ष − १), १ + ३क्ष, क्ष + क्ष + (क्ष + १), आणि ४क्ष − (क्ष − १). सरळरूप दिल्यावर चारही ३क्ष + १ याच रूपास येतात. कंस सोडविणे, सजातीय पदे एकत्र करणे हे जे नियम मुलांना निरर्थक वाटतात, त्यांचे प्रयोजन या क्षणी कळते. निरनिराळ्या चौघांनी एकच वस्तू पाहिली होती, हे सिद्ध करण्यासाठी ते नियम आहेत. अशा रीतीने भेटलेला ‘क्ष’ परका वाटत नाही. आपण बोटाने दाखवीत होतो त्याचेच ते संक्षिप्त नाव आहे, हे मुलास समजते.

नियम दिसला, पण खरा कशावरून?

सामान्यीकरणास एक धोकाही आहे, आणि तो विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवू नये. एक वर्तुळ काढावे आणि त्याच्या परिघावर बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू सरळ रेषेने जोडावेत. कोणत्याही तीन रेषा वर्तुळाच्या आत एकाच बिंदूतून जाणार नाहीत अशी काळजी घ्यावी. एक बिंदू असता वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदूंनी दोन भाग, तीन बिंदूंनी चार, चार बिंदूंनी आठ आणि पाच बिंदूंनी सोळा भाग होतात. सहा बिंदूंनी किती? सारा वर्ग एकमुखाने ‘बत्तीस’ म्हणेल. काळजीपूर्वक मोजल्यास भाग एकतीसच भरतात.

पाच वेळा खरा ठरलेला नियम सहाव्या वेळी मोडला. असेच आणखी एक उदाहरण प्रसिद्ध आहे. क्ष × क्ष + क्ष + ४१ या राशीत क्षच्या जागी शून्यापासून एकोणचाळीसपर्यंत कोणतीही संख्या घातली तरी मूळ संख्याच मिळते. चाळीस घातल्यावर मात्र १६८१ येते, आणि ती ४१ × ४१ आहे. चाळीस वेळा मिळालेला अनुभवही पुरावा ठरत नाही.

या दोन उदाहरणांचा धडा गणितापुरता मर्यादित नाही. दोन-चार अनुभवांवरून सर्वांविषयी मत ठोकून देण्याची सवय समाजात सर्वत्र आढळते. अमुक दोन शेतांत एक बियाणे चांगले आले म्हणून ते सर्व जमिनींस चांगले, अमुक दोघांना औषधाचा गुण आला म्हणून ते सर्वांना लागू, असे आपण सहज बोलून जातो. ‘आणखी कोठे पाहिले? आणि असे का व्हावे?’ हे दोन प्रश्न ज्या मुलास गणिताच्या तासाला विचारण्याची सवय लागली, तो पुढे नागरिक म्हणूनही सहजासहजी फसणार नाही.

आपल्या परंपरेतील दाखले

आकृतिबंधातून नियम काढण्याची ही रीत आपल्या देशास नवीन नाही. तिचा एक सुंदर दाखला गणिताबरोबरच भाषेच्या शिक्षकासही उपयोगी पडेल. मात्रावृत्तात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराची दोन मात्रा धरतात. तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? एका मात्रेची एकाच प्रकारे. दोन मात्रांची दोन प्रकारे. तीन मात्रांची तीन, चारांची पाच, पाचांची आठ. सुमारे सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान होऊन गेलेल्या विरहांक या छंदःशास्त्रकाराने आणि बाराव्या शतकात गुजरातेतील आचार्य हेमचंद्र यांनी या संख्यांचा नियम सांगितला : प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. युरोपात १२०२ मध्ये फिबोनाची याच्या ग्रंथात आलेल्या आणि पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या संख्या त्या ह्याच.

नियमामागील कारण पाहावे. ओळीच्या शेवटी एकतर लघू असेल किंवा गुरू. पाच मात्रांच्या ओळीच्या शेवटी लघू असेल तर उरलेला भाग चार मात्रांचा, म्हणजे पाच प्रकारांचा. गुरू असेल तर उरलेला भाग तीन मात्रांचा, म्हणजे तीन प्रकारांचा. पाच आणि तीन मिळून आठ. पाचाच्या जागी कोणतीही संख्या घेतली तरी हा युक्तिवाद ढळत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’तील श्रेढीव्यवहारात एकपासून सुरू होणाऱ्या क्रमागत संख्यांच्या बेरजेची रीत दिली आहे : शेवटच्या संख्येत एक मिळवावा, त्यास शेवटच्या संख्येने गुणावे आणि निम्मे करावे. हा नियमही आपल्या रांगोळीतून निघतो. ‘पाच ते एक’ या रांगोळीत पंचवीस ठिपके आहेत. मधली पाचांची ओळ आणखी एकदा काढली तर तीस होतात, आणि मग वरचा त्रिकोण व खालचा त्रिकोण दोन्ही सारखे होतात. म्हणून एका त्रिकोणात पंधरा. तीच १ ते ५ यांची बेरीज. केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी ‘आर्यभटीया’वरील आपल्या भाष्यात श्रेढींच्या बेरजा आकृत्यांच्या साहाय्याने समजावून दिल्या आहेत. चित्रातून कारण दाखविण्याची ही पद्धत आजच्या वर्गासही अनुरूप आहे.

अलीकडचे उदाहरण देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून आयुष्य घालविलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी, आणि वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास पुढे शून्य घेऊन ते चार अंकी मानावे. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२; नंतर ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे तीच संख्या येत राहते. कोठूनही आरंभ केला तरी अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ गाठली जाते. १९४९ मधील या शोधामुळे ती संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

परंतु ‘कोठूनही’ हे कशावरून म्हणावयाचे? अशा संख्या हजारो आहेत. येथे अक्षर मदतीस येते. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर पहिली वजाबाकी नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढी येते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते, आणि या दोन फरकांच्या जोड्या अवघ्या ५४ संभवतात. त्या तपासल्या की सर्व संख्या तपासल्यासारख्याच आहेत. हजारो उदाहरणांचे ओझे चार अक्षरांनी चोपन्नांवर आणले. सामान्यीकरणाची शक्ती ती हीच.

वर्गात काय करावे

वरील विवेचनाच्या आधारे शिक्षकबंधूंस व भगिनींस पुढील सूचना उपयुक्त वाटाव्यात.

१) प्रत्येक आकृतिबंधावर पाच प्रश्न क्रमाने विचारावेत : पुढची किती? दहावी किती? शंभरावी किती? कोणतीही कशी काढाल? आणि असे का? शेवटचा प्रश्न वेळेअभावी गाळला जाण्याचा संभव अधिक. त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

२) कोष्टकाच्या आधी वस्तू असावी. आगकाड्यांची टोके काढून टाकावीत, किंवा चिंचोके, खडे, खडूचे ठिपके वापरावेत. या साहित्यास खर्च जवळजवळ नाही.

३) नियम प्रथम मुलांच्या बोलीत सांगू द्यावा. कोकणी, कन्नड, हिंदी वा घरातील कोणत्याही बोलीत सांगितला तरी चालेल. प्रमाण भाषा आणि अक्षरे त्यानंतर यावीत.

४) एका आकृतीकडे पाहण्याच्या दोन-तीन रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि त्यांची उत्तरे एकच का येतात याची चर्चा करावी.

५) वर्षातून एकदोनदा तरी मोडणारा नियम मुद्दाम द्यावा. वर्तुळाचे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे.

एकशिक्षकी व बहुवर्ग शाळांना ही पद्धत विशेष सोयीची आहे. त्याच काड्यांच्या माळेवर तिसरीचे मूल पुढची आकृती मांडील, पाचवीचे शंभरावी सांगेल आणि सातवीचे नियम अक्षरांत लिहील. सर्व वर्ग एकाच कामात राहतात आणि लहान मूल मोठ्याचे बोलणे ऐकत असते.

पालकांस आणि अधिकाऱ्यांस

शाळेत न गेलेल्या आईसही या कामी हातभार लावता येतो. रांगोळीच्या पुस्तिकेत ‘१५ ते ८’ असे लिहिलेले असते; म्हणजे मधली ओळ पंधराची आणि दोन्ही बाजूंस आठपर्यंत उतरत गेलेली. एकूण ठिपके किती, असे मुलास विचारावे. तो मोजून १६९ सांगेल. मग ‘न मोजता सांगता येईल का?’ असे विचारावे. मधला एक ठिपका सोडला तर उरलेली आकृती सहा सारख्या त्रिकोणांत वाटता येते आणि प्रत्येकात १ ते ७ यांची बेरीज, म्हणजे २८ ठिपके असतात, हे त्यास सापडले तर तो दिवस त्याच्या ध्यानात राहील. कुंपणाचे खांब, पंगतीतील पाने, चिऱ्यांच्या पायऱ्या यांत असे प्रश्न दडलेले आहेत. उत्तर लगेच न सांगण्याचा संयम मात्र पाळला पाहिजे.

शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांकडेही एक महत्त्वाचे काम येते. शाळा तपासताना अभ्यासक्रम किती पूर्ण झाला याची नोंद घेतली जाते. मुले कारण सांगू शकतात काय, याचीही घ्यावी. प्रश्नपत्रिकेत ‘पुढील संख्या लिहा’ हा प्रश्न असतो. त्याला जोडून ‘तुम्ही ती कशी ओळखली ते लिहा’ असा एक प्रश्न आणि त्यास स्वतंत्र गुण ठेवावेत. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हा सर्वत्र अनुभव आहे. म्हणून हा छोटा बदलही वर्गाचे वळण बदलू शकेल.

सर्व मुले गणितज्ञ होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु थोड्यावरून सर्वांविषयी बोलताना कारण शोधावे, ते सापडेपर्यंत थांबावे आणि सापडल्यावर ते दुसऱ्यास समजेल अशा शब्दांत मांडावे, एवढे सामर्थ्य प्रत्येक मुलाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक गावात आहे. आपल्या शाळेतील सहावीच्या मुलांना या आठवड्यात शंभर चौकोनांची माळ घालून पाहावी. कोणी ३०१ म्हणेल, कोणी ४०० म्हणेल. दोघांनाही एकच विचारावे : असे का?